बाल्साचं ल्युअर-किट: लाकूड झकास, शिशाचा तक्ता मात्र बाजूला ठेवा

डब्यात बाल्सा या हलक्या, मऊ लाकडाचे सहा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचे ल्युअर, म्हणजे मासा पकडायची नकली आमिषं) आहेत: ७०, ९० आणि १२० मिमी लांबीचे, प्रत्येकी दोन. प्रत्येक मिनो डोक्यापासून शेपटीपर्यंत उभा चिरलेला आहे, म्हणजे हातात बारा फाका येतात. सोबत ०.८ मिमी स्टेनलेस तारेचं वेटोळं, दीड मिमी जाड पॉलिकार्बोनेटच्या कापलेल्या लिप (ल्युअरला डोलवणारी, नाकाखाली बसवायची पट्टी), ६ मिमी व्यासाची शिशाची दांडी, ६ नंबरचे बारा ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ), ते अडकवायच्या स्प्लिट रिंग, चिकटवायचे डोळे, पाच मिनिटांत आवळणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) आणि एक छापील कागद. रंग आणि ब्रश आपले आपण आणायचे.

लाकूड, तार आणि लिप या तीन गोष्टींसाठी हा डबा घ्यावा. कागदावर दिलेला शिशाचा तक्ता, म्हणजे कुठल्या ल्युअरमध्ये किती शिसं भरायचं ते कोष्टक, मात्र पाळू नये. का, ते सविस्तर लिहावं लागेल, कारण घरच्या ल्युअरचं जे काही बिघडतं ते बहुतेक इथेच बिघडतं.

आधी फाकांबद्दल. कड सरळ आहे, दोन्ही बाजू एकमेकींवर चपखल बसतात, खुंट्यांची भोकं सगळ्या जोड्यांत एकाच जागी आहेत. तारेसाठी १ मिमीची खाच आतून आधीच पाडलेली आहे. बाल्सात स्क्रूची कडी धरत नाही. मऊ लाकूड दोन-चार झटक्यांत पिठासारखं सुटतं. म्हणून नाकापासून शेपटीपर्यंत अखंड तार हवीच, आणि इथे तिची सोय नीट केली आहे. लाकूड उरलं नाही तरी मासा तारेवर राहतो.

आता वजनकाटा काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा या कामात करवतीइतकाच गरजेचा आहे. ९० मिमीच्या चार फाका तोलल्या तर पहिल्या जोडीतली डावी ०.८ ग्रॅम आणि उजवी १.४ ग्रॅम निघाली. दुसऱ्या जोडीतली डावी १.२ आणि उजवी ०.९. बाल्सा असाच असतो. एकाच फळीच्या दोन टोकांत फरक पडतो, आणि घनता ०.१२ पासून ०.२० ग्रॅम प्रति घन सेंमीपर्यंत सहज हलते. पण ०.८ ची फाक १.४ च्या फाकेला चिकटवली की ल्युअर जन्मभर एका कुशीवर कलंडून पोहणार. नाकाची कडी (जिला गळाची दोरी बांधतात ती) वाकवून तो सरळ धावेल, पण एका बाजूचा डोल मोठा आणि दुसऱ्या बाजूचा छोटा, हे काही जाणार नाही. जोरात ओढला की आडवाच होईल.

उपाय सोपा आहे. भोकं एकाच जागी असल्यामुळे जोड्या बदलता येतात: ०.८ ला ०.९ ची जोड, १.२ ला १.४ ची. सहाही मिनोंच्या फाका तोलून, पेन्सिलीने आतून वजन लिहून, मगच जोड्या लावा. कागदावर याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

आणि जोड्या नीट लावल्या की तक्ता कोसळतो. डब्यातल्या जोड्या तशाच ठेवल्या तर अंगाचं वजन २.२ आणि २.१ ग्रॅम भरतं, जवळपास सारखंच. तक्ता या सरासरीवर बेतलेला दिसतो. जोड्या बदलल्यावर एक अंग १.७ ग्रॅमचं होतं आणि दुसरं २.६ चं. तक्ता दोघांनाही तेवढंच शिसं घालायला सांगतो: पाण्यात जागीच थांबणाऱ्या ९० मिमीच्या ल्युअरसाठी ८ ग्रॅम.

हिशेब मांडून पाहू. चिकटवलेल्या अंगाचं घनफळ मोजायला पेलाभर पाणी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, अंगाला बारीक सुई टोचून ते पूर्ण पाण्याखाली दाबा. पेल्याच्या तळाला किंवा कडेला ते टेकता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंमी घनफळ. कोरडा बाल्सा पाणी पितो, म्हणून आधी सीलरचा (लाकडात पाणी मुरू न देणाऱ्या लेपाचा) एक हात द्या किंवा पाच सेकंदांत आकडा वाचून लगेच पुसा. ९० मिमीचं अंग १३ घन सेंमी भरतं. म्हणजे पाणी त्याला १३ ग्रॅमने वर ढकलणार. त्यातून अंगाच्या आतली तार वजा करा: ०.८ मिमीची साधारण १८० मिमी तार, ०.७ ग्रॅम. लिप तोलली तर अर्ध्या ग्रॅमच्या थोडी वर भरते, पण ती अंगाबाहेर असते आणि स्वतःही पाणी सारते. पॉलिकार्बोनेटची घनता १.२ असल्यामुळे तिचं पाण्यातलं ओझं फक्त ०.१ ग्रॅम. दोन ट्रेबल आणि त्यांच्या रिंगा मिळून २.२ ग्रॅम, पाण्यात १.९. रंग आणि इपॉक्सीचा थर सव्वा ग्रॅमच्या आसपास, पाण्यात ०.२. उरले १०.१ ग्रॅम, आणि त्यातून लाकूड.

हलक्या अंगात १.७ वजा जाऊन ८.४ उरतात. ८ ग्रॅम शिसं घातलं की ०.४ ग्रॅमची उचल शिल्लक. तो हळूहळू वर येईल. जड अंगात ७.५ उरतात. तेच ८ ग्रॅम घातले की अर्धा ग्रॅम जास्त; तो बुडेल. एका डब्यातले, एका मापाचे, एकाच तक्त्याने बनवलेले दोन ल्युअर: एक वर येतो, एक तळाला जातो. मग बनवणारा बिचारा इपॉक्सीला दोष देत बसतो.

शिसं तुकड्यांनी मोजायला ६ मिमीची दांडी सोयीची आहे. शिशाची घनता ११.३४, त्यामुळे या जाडीचा ३ मिमीच्या जरा वरचा तुकडा म्हणजे १ ग्रॅम. तुकडे आधी पोटावर बाहेरून चिकटपट्टीने लावून बघा, म्हणजे जागा सरकवता येते. बाहेर लावलेलं शिसंही पाणी सारतं, म्हणून बाहेरचा १ ग्रॅम पाण्यात ०.९१ इतकाच भरतो. आत भोकात बसवला की पूर्ण १ ग्रॅमचं काम करतो. बाहेरून जमलेलं वजन तसंच्या तसं आत घातलं आणि वर इपॉक्सी चढवलं की ल्युअर बुडतो तो यामुळे. ८ ग्रॅम बाहेरून जमत असतील तर आत ७.३ पुरतात, आणि इपॉक्सीचे ०.२ त्यातूनही काढा. भोक पाडताना दशांश ग्रॅमभर लाकूड जातं, पण वरची पुट्टी ते भरून काढते.

पूर्ण ८ ग्रॅम लागत असतील तर ६ मिमीची तीन भोकं, प्रत्येक ९ मिमी खोल. अंगाची उंची २० मिमी आहे, तार मध्यावर आहे, म्हणून याहून खोल जाऊ नका. शिसं जितकं खाली तितका ल्युअर ताठ राहतो. जागा महत्त्वाची. दोन भोकं लिप आणि पोटाच्या कडीच्या मध्ये, तिसरं कडीच्या लगेच मागे. शिसं शेपटीकडे सरकवलं तर फेक लांब जाते हे खरं, पण शेपटी खाली लोंबते आणि डोल मरतो. पुढे सरकवलं तर नाक खाली घालून बसतो. कागदावरच्या आकृतीत तिन्ही भोकं मागच्या निम्म्यात दाखवली आहेत. फेकीसाठी केलं असावं, पण छोट्या लिपला इतकी जड शेपटी हलवणं झेपत नाही.

पाण्यात थांबणारा ल्युअर गोड्या पाण्यात जमवला असेल तर समुद्रात तो थांबणार नाही. खाऱ्या पाण्याची घनता १.०२५ आहे, इपॉक्सीसकट १४ घन सेंमीच्या ल्युअरला तिथे ०.३५ ग्रॅमची जादा उचल मिळते. टबात ज्या पाण्यासाठी बनवताय तेच पाणी घ्या, किंवा लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. तरंगणाऱ्या ल्युअरला एवढा काटेकोरपणा लागत नाही. ९० मिमीच्या तरंगत्यात ३ ते ४ ग्रॅम शिसं घातलं की काम चोख होतं, आणि पहिल्यांदा बनवणाऱ्याने तोच बनवावा.

लिपबद्दल चांगलं लिहायला आनंद होतो. दीड मिमी पॉलिकार्बोनेट या मापांना योग्य आहे, कापलेली कड गुळगुळीत आहे, दोन्ही बाजूंना संरक्षक कागद आहे. तो कागद शेवटचा थर वाळेपर्यंत काढू नका. फक्त खाचेत जाणारा भाग सोलून तेवढाच १२० नंबरच्या पेपरने खरवडा, म्हणजे इपॉक्सी धरेल. लिपवर सांडलेला रंग ॲसिटोनने पुसायला जाऊ नका, पॉलिकार्बोनेट त्याने दुधाळ होतं.

पण लिपची खाच पाडलेली नाही, आणि ही या डब्याची दुसरी मोठी उणीव. खाच नेहमी ठोकळा चौकोनी असतानाच पाडतात, कारण तेव्हा कडा काटकोनात असतात आणि करवत सरळ धरता येते. इथे गोलाई आधीच दिलेली आहे, आता कुठून मोजणार? फाका जोडण्यापूर्वी दोन्हींच्या सपाट बाजूवर पुठ्ठ्याच्या एकाच कोनमापाने रेघ मारा, आणि मग प्रत्येक फाकेत सपाट बाजू टेबलावर ठेवून, करवत टेबलाशी काटकोनात धरून कापा. जोडल्यावर दोन्ही अर्ध्या खाचा एका रेषेत येतात. आधी जोडून मग कापायला गेलात तर लिप एक-दोन अंशांनी तिरकी बसणारच, आणि तिरक्या लिपचा ल्युअर कडी कितीही वाकवली तरी वेग वाढताच लोळतो.

कोनाचं गणित कागदावर बरोबर दिलं आहे. अंगाच्या रेषेपासून मोजायचं: ६० ते ७० अंशांवर उभी लिप लावली तर ल्युअर उथळ राहतो आणि रुंद डोलतो, २० ते ३० अंशांवर, जवळपास अंगाच्या सरळ रेषेत लावली तर खोल जातो आणि बारीक थरथरतो. मधला ४५ अंश शिकायला बरा. लिपची रुंदी अंगाच्या जाडीइतकी किंवा थोडी जास्त ठेवा. १४ मिमीच्या अंगाला १४ ते १८ मिमी. डब्यातली लिप १६ मिमी आहे. डोल जास्त वाटला तर दोन्ही कडांनी अर्धा-अर्धा मिमी कानस मारा, मोजून, सारखी.

आता मापांची गोष्ट. ७० आणि १२० मिमीचे आकार ९० च्याच नकाशाला लहान-मोठं करून काढलेले आहेत, प्रमाण तंतोतंत तेच. कागदावर छान दिसतं, पाण्यात जमत नाही. लांबी ९० वरून १२० केली की ती १.३३ पट होते, लिपचं क्षेत्रफळ १.७८ पट, पण घनफळ २.३७ पट. १३ घन सेंमीचे जवळजवळ ३१ होतात. म्हणजे हलवायचं वजन लिपपेक्षा झपाट्याने वाढतं. १२० ला डब्यातली लिप लावली तर तो सुस्त डोलतो. २१ मिमीऐवजी २४ ते २५ मिमी रुंदीची लिप स्वतः कापून लावा. शिसंही तक्ता सांगतो तसं दुप्पट करून भागत नाही, घनफळाच्या पटीत जावं लागतं. इथेही खरं उत्तर पाण्याचा पेलाच देतो.

१२० मध्ये त्याहून वाईट गोष्ट तारेची. तिन्ही मापांना तीच ०.८ मिमी तार. ९० ला ती पुरेशी आहे. १२० मिमीच्या ल्युअरला जो मासा लागतो, त्याच्या ओढीपुढे ०.८ ची कडी उघडते. १.२ मिमीची तार घेतली तर छेद सव्वादोन पट होतो आणि वाकण्याला विरोध पाच पट. खाच १ मिमीची असल्यामुळे ती थोडी रुंद करावी लागेल. हॅकसॉच्या पात्याचे दोन हात पुरतात. प्रत्येक कडीला तारेचे निदान तीन घट्ट वेढे द्या, आणि वेढे लाकडाच्या आत इपॉक्सीत बुडवा. तारेचं वाढलेलं सव्वा ग्रॅमभर वजन शिशातून वजा करायला विसरू नका.

७० मध्ये नेमकी उलटी अडचण. अंग जेमतेम ६ घन सेंमी, आणि हुक तेच ६ नंबरचे. पाण्यात १.९ ग्रॅमचं हुकांचं ओझं ९० ला पेलवतं. ७० मध्ये ते एकूण उचलीच्या जवळपास एक-तृतीयांश होतं. शेपटी खाली, नाक वर, आणि पोटाचा हुक मागच्या हुकात अडकतो. ७० ला १० नंबरचे ट्रेबल घ्या, वजन निम्म्यावर येतं. (नंबर वाढला की हुक लहान होतो, आणि १/० पासून पुढे उलटं, हे नवख्याने एकदा हातात घेऊन बघावं.) कुठल्याही मापात एकच तपासणी पुरेशी: दोन्ही हुक एकमेकांकडे ओढून धरा, टोकं एकमेकांना शिवली नाहीत पाहिजेत. आणि हुकाचा घेर अंगाच्या जाडीपेक्षा थोडा जास्त हवा, नाहीतर मासा लाकूडच चावून सोडून देतो.

सोबतचं पाच मिनिटांचं इपॉक्सी फाका जोडायला आणि लिप बसवायला उत्तम. वरचा काचेसारखा थर मात्र त्याचा देऊ नका. ब्रश शेपटीपर्यंत पोचेपर्यंत ते आवळू लागतं, रेघा राहतात, आणि उन्हात लवकर पिवळं पडतं. सावकाश आवळणारं घ्या. प्रमाण घनफळात दिलं असेल तर घनफळातच मापा. रेझीन आणि हार्डनर यांची घनता वेगळी असते, वजनावर सारखं घेतलं तर थर कायमचा चिकट राहतो. दोन मिनिटं सावकाश ढवळा, बुडबुडे येऊ देऊ नका. थर दिल्यावर ल्युअर आडवा धरून मिनिटाला चार-सहा फेऱ्यांनी फिरवत ठेवा, ओघळणं थांबेपर्यंत. थर एके जागी गोल गोल फाटला तर खाली बोटांचा तेलकटपणा होता. रंगवल्यापासून ल्युअरला फक्त तारेने धरा.

त्याआधी लाकूड सील करायचं असतं. पातळ सुपरग्लू बाल्सात झटकन मुरतो आणि पृष्ठभाग नखाने न दबेल इतका कडक होतो. दोन हात, मध्ये ३२० नंबरचा पेपर, खिडकी उघडी. पाण्यावरचे ॲक्रिलिक रंग पुरतात, पण पूर्ण वाळू द्या; ओल आत राहिली की इपॉक्सीखाली फोड येतात. चांदीची झाक हवी असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पन्नी कानशीवर दाबून घासा, खवल्यांची नक्षी उठते, मग अंगावर चिकटवा. लाउरी रापाला यांनी १९३६ साली फिनलंडमध्ये आपला पहिला ल्युअर बुचाच्या लाकडातून कोरला, तेव्हा त्यावर चॉकलेटच्या चांदीचा कागद गुंडाळला होता आणि वरचा थर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून दिला होता. आजही चांदीचा पातळ कागद अंगाच्या वळणावर छापील स्टिकरपेक्षा चांगला बसतो. डब्यातले चिकट डोळे इपॉक्सीच्या थराखाली घ्या, वरून लावले तर पहिल्याच दगडावर निघतात.

हुक टोकदार आहेत, तार बारीक आहे, गोड्या पाण्यात चालतील. खाऱ्या पाण्यात ते लवकर गंजतात, तिथे जाड थराचे वेगळे घ्या. शिसं कापल्यावर हात साबणाने धुवा, तुकडा दातात धरू नका, आणि ते वितळवण्याचा खटाटोप घरात करू नका. दांडी मिळाली आहे तर त्याची गरजही नाही.

शेवटी जुळवणी. टबात किंवा काठाशी ल्युअर स्वतःकडे ओढा. तो तुमच्या उजवीकडे पळत असेल तर त्याचं नाक आपल्याकडे करून धरा आणि नाकाची कडी पकडीने डावीकडे वाकवा. डावीकडे पळत असेल तर उजवीकडे. केसभरच वाकवा, परत ओढून बघा, मग वेग वाढवून बघा. या डब्याच्या नकाशात नाकाची कडी लाकडाबाहेर पुरेशी लांब ठेवली आहे, त्यामुळे वाकवताना इपॉक्सीला तडा जात नाही. तंगूस (गळाची दोरी) कडीला थेट घट्ट गाठीने बांधू नका, त्याने डोल बांधला जातो. सैल फासाची गाठ किंवा छोटी स्नॅप (उघडता-मिटता येणारी कडी) वापरा.